टिंबूची चिप आणि दसऱ्याची भट्टी

"अप्पा, चिप वाळूपासून बनते ना? वाळू तर ढीगभर आहे. चिपचा आराखडाही तुझ्याकडे आहे. मग टिंबूची नवी चिप का बनत नाही?"

मिहिकाच्या मांडीवर तिचा छोटा यंत्रमानव टिंबू गप्प पडला होता. कालपर्यंत तो "मिहूताई, पाढे पाठ की नुसतीच ऐट?" असं चिडवायचा. त्याच्या आठवणी शाबूत होत्या, पण विचार करणारी चिप जळली होती. ती अप्पांच्या 'त्रिपुटी सेमीकंडक्टर' कंपनीने बनवलेली, आणि त्रिपुटी आता नव्हती.

तिचे आजोबा, अप्पा, चष्मा पुसत राहिले. "सांगतो. नीट जमेल की नाही, माहीत नाही."

"जमेल रे. सांग."

"वाळूतून काढलेलं सिलिकॉन हा अर्धवाहक (विजेला कधी वाट देणारा, कधी अडवणारा पदार्थ). अगदी शुद्ध असेल तर तो विजेला फारशी वाट देत नाही. मग त्याची पातळ चकती भट्टीत ठेवायची आणि फॉस्फरसची वाफ सोडायची. फॉस्फरसचे अणू चकतीत झिरपतात. जिथे झिरपले, तिथे विजेची वाट तयार."

"आणि नको तिथे झिरपले तर?"

"तिथे आधीच झाकण घालायचं. आराखडा म्हणजे झाकण कुठे, उघडं कुठे याचा नकाशा. पण नकाशाने चकती भाजत नाही."

"म्हणजे भट्टी हवी! तुमची कुठे गेली?"

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"आम्ही तिघा मित्रांनी सातपूरला एका शेडमध्ये सुरुवात केली. आधी घड्याळांच्या चिपा, मग पंपांच्या, मग टिंबूसारख्यांच्या. कंपनी वाढली, शेडची इमारत झाली. मग एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. आम्हा जुन्यांना आराखडे काढायला बंगळूरला पाठवलं. आम्ही खूश होतो गं."

"मग?"

"भट्टीत क्वार्ट्झच्या काचेची नळी असते. सतत तापून ती काच हळूहळू स्फटिक होते. गरम असेपर्यंत ठीक. थंड झाली की स्फटिक एकदम आकसतो आणि नळी तडकते. म्हणून काम नसलं तरी भट्टी तापती ठेवायची. दसऱ्याला आम्ही सगळी यंत्रं थांबवून पूजा करायचो. भट्टीला मात्र लांबूनच हार, आणि आमच्यातला एक जण राखणीला तिथेच बसून शिरा खायचा."

"आणि नव्या लोकांनी?"

"नवे व्यवस्थापक भाविक होते. म्हणाले, आज भट्टीलाही विश्रांती. बंद केली. नळ्या तडकल्या."

"तुम्ही सांगितलं नव्हतं त्यांना?"

"कुणीच नाही. आम्हाला वाटलं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं."

"नळ्या नव्या घालायच्या की!"

"मोठ्या कंपनीने हिशेब केला. आराखडे आपण काढू, चिपा परदेशातून बनवून घेऊ. भट्टी भंगारात गेली. टिंबूची चिप तिथेच बनायची, दुसऱ्या कुणी ती कधी बनवायला घेतलीच नाही."

मिहिकाने टिंबूचा गार हात धरला. "आता कुणाकडे तशी भट्टी नाहीच?"

"विद्यापीठात मुलांना शिकवायला एक लहान भट्टी लावली आहे. मला बोलावतात. पण माझं ज्ञान आता जुनं..."

"अप्पा! जुनंच तर हवंय!"

अप्पा विद्यापीठात शिकवायला जाऊ लागले. दसऱ्याच्या सकाळी मिहिकाही त्यांच्यासोबत गेली. पूजेसाठी तिथली यंत्रं एकेक करून थांबली. प्रयोगशाळेचा तरुण प्रमुख सगळ्यांच्या आधी हार घेऊन भट्टीच्या बटणाकडे वळला.

"सर, ही नाही!" मिहिका ओरडली. तो दचकून थबकला. तिने काचेची नळी कशी तडकते ते अप्पांनी सांगितलं तसंच सांगितलं. मधे दोनदा चुकली. अप्पांनी हळूच दुरुस्त केलं.

प्रमुखाने हार भट्टीपासून लांब, दारावर बांधला.

सगळे गेल्यावर दोघं तिथेच बसली. शिऱ्याचा डबा मधे, टिंबू मिहिकाच्या मांडीवर.

"पहिल्या चकत्या वाया जातील, मिहू. कदाचित पुढच्याही. माझ्या हयातीत टिंबू बोलेल असं वाटत नाही मला."

तिने नळीच्या तोंडाशी दिसणाऱ्या तांबूस उजेडाकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण काढलं.

"तू खाऊन घे, अप्पा. तोवर मी बघते हिच्याकडे."