अहो, माझी पिन?

त्याच्या बायकोची गाडी सुरू केली की सुरुवातीला खडखडायची, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी. मग गप्प. मुलगी म्हणाली, आई गेल्यापासून उभीच आहे, म्हणून असेल. त्याचं सगळं आयुष्य गॅरेजात गेलं होतं. त्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "टायमिंग चेनचा टेन्शनर गेलाय." ताण सुटला, चेन एखादा दात चुकली, की चालतं इंजिन आतल्या आत मोडतं. आणि हीच गाडी घेऊन, मागच्या सीटवर तान्हं बाळ निजवून, मुलगी आज घाट उतरणार होती.

त्याने नवा टेन्शनर आणला. काम फार अवघड नाही, पण त्यात एक मेख आहे. टेन्शनरचा दट्ट्या आत दाबायचा, तो उडू नये म्हणून भोकात पिन घालायची, टेन्शनर जागेवर आवळायचा आणि शेवटी पिन ओढून काढायची. मग दट्ट्या बाहेर येतो, चेन ताणली जाते. पिन आत राहिली तर बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं आणि चेन मात्र सैल.

त्यासाठी तो कायम बायकोच्या केसांची पिन वापरायचा. घरामागच्या शेडच्या दारात ती स्टूल टाकून बसायची. त्याचा हात किल्लीकडे गेला, की तिचा हात पुढे यायचा.

"अहो, माझी पिन?"

"घे."

ती पिन तशीच तेलकट अंबाड्यात खोचायची आणि मगच इंजिन सुरू व्हायचं. विसरायची सोयच नव्हती. तिच्या उशीवर मात्र काळा डाग पडायचा, नेहमी त्याच्या बाजूच्या कडेला. कारण झोपताना तिचं तोंड भिंतीकडे आणि अंबाडा त्याच्याकडे. "तुमच्या घोरण्यापेक्षा भिंत बरी," म्हणायची.

तिची एकच पिन उरली होती. आज तीच त्याने वापरली. टेन्शनर बसवला, पिन ओढली. दट्ट्या टक् करून सुटला. पाना लावून त्याने इंजिन हाताने फिरवलं, खुणा जुळल्या. पिन कामाच्या टेबलावर ठेवून त्याने समोरची छोटी झाकणी लावली आणि किल्ली फिरवली.

खडखडाट. आणि तो थांबेना.

त्याने घाईने इंजिन बंद केलं आणि झाकणी उघडली. पिन टेन्शनरमध्ये होती.

वय झालं, त्याने स्वतःला सांगितलं. ओढली असं वाटलं, ओढली नाही. त्याने ती पुन्हा ओढली, पुसली आणि शर्टाच्या खिशात टाकून खिशाचं बटण लावलं.

झाकणी लावून किल्ली फिरवली. पुन्हा तोच खडखडाट.

खिशाचं बटण लावलेलंच होतं. खिसा रिकामा होता. पिन टेन्शनरमध्ये, अगदी तळापर्यंत बसलेली. खिशाच्या कापडावर एक लहानसा ओला डाग होता, आणि त्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. शेडमध्ये खोबरेल नव्हतं. घरातही नव्हतं. बायकोचे केस औषधांनी गेले, तेव्हा तिनेच बाटली टाकून दिली होती.

मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. "झालं का हो बाबा?"

"थोडं राहिलंय."

"काल पंक्चर. परवा बॅटरी. आज हे." ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "मी जाऊ नये म्हणून करताय ना? सरळ सांगा की. भांडू आपण, पण मला जाऊ द्या."

तिने जाऊ नये असं त्याला वाटत होतं, हे खरंच होतं. त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटं तेलाने काळी होती. ही बोटं आपल्या नकळत काय करत असतील?

"उशांचे अभ्रे बदललेत," मुलगी जाता जाता म्हणाली. "काळे हात लावू नका."

स्टूल दारातच होतं. ते कुणी हलवलं नव्हतं. त्याने पिन तिसऱ्यांदा ओढली. टक् झालं. हात सवयीने किल्लीकडे गेला आणि मध्येच थांबला.

तिने पिन मागितली नव्हती. आणि त्यानेही दिली नव्हती.

तो घरात गेला. खोलीत पडदे ओढलेले होते. पिन त्याने तिच्या पांढऱ्या उशीवर, मधोमध ठेवली.

"घे," तो म्हणाला.

काही झालं नाही.

तो शेडमध्ये आला, झाकणी लावली, किल्ली फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं. खडखड नाही, काही नाही. त्याने ते बराच वेळ चालू ठेवून ऐकलं. मग मुलीला हाक मारली.

बाळाला मागे निजवून तिने त्याला मिठी मारली. "पोचले की फोन करते."

"उतारावर दमाने घे."

गाडी वळणाआड गेली. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ होता.

त्याने साबणाने हात धुतले, नखांतलं काळं काढलं आणि खोलीत आला.

पिन उशीवर नव्हती. उशीला खळगा पडला होता आणि काळा डाग अजून ओला होता.

पण तो भिंतीकडच्या कडेला होता. तिने कूस बदलली होती.