दुर्बीण हलवण्याआधी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही. त्या रात्रीची नोंदवही अजून माझ्याकडे आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना. अमावस्या.

अमावस्या म्हटल्यावर हसू नका. अंधुक तारे बघायचे तर आभाळात चंद्र नको असतो. त्यामुळे आमच्या वाट्याला रात्री येतात त्या अशाच.

माझं काम श्वेत बटू ताऱ्यांवर. इंधन संपलेल्या ताऱ्याचा मागे उरलेला गाभा म्हणजे श्वेत बटू. त्याचा प्रकाश फोडून पट्टी काढायची आणि पट्टीतल्या काळ्या रेघांवरून ताऱ्यात काय काय आहे ते ओळखायचं. माझा तारा ऐंशी हजार अंश तापमानाचा. दीड वर्ष अर्ज करकरून त्याच्यासाठी मला एकच रात्र मिळाली होती.

दुर्बीण चालवायला माझे भाऊजी होते. ताईचे यजमान. वीस वर्षं त्याच घुमटात नोकरी केलेला, महा थट्टेखोर माणूस.

तिथला एक नियम होता. दुर्बीण खालच्या कंट्रोल रूममधून बटणाने फिरते, आणि वर घुमटात मिट्ट काळोख असतो. म्हणून हलवण्याआधी इंटरकॉमवर विचारायचं, "हलवू?" वर माणूस असेल तर तो रिसीव्हरचं बटण दाबून सांगणार, "हलव." वर कोणी नाही हे माहीत असलं तरी विचारायचं आणि दहा आकडे मोजायचे. ते लोखंडाचं धूड माणसाला शिडीशी चिरडू शकतं.

अकरा वाजता तुलनेसाठी घेतलेला ओळखीचा तारा मोजून झाला. भाऊजी चहा करायला गेले होते. मी सवयीने विचारलं, "हलवू?"

एक... दोन... तीन...

"हलव."

भाऊजींचा आवाज. म्हटलं, गेले वाटतं वर. मी बटण दाबलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. भाऊजी दोन कप घेऊन आत आले.

"कोणाशी बोलतोयस रे, प्रोफेसर?"

मला आधी थट्टाच वाटली. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. ते टॉर्च घेऊन वर गेले, पाच मिनिटांनी उतरले.

"कोणी नाही. वायर जुनी झालीय, दुसरं काय," म्हणाले. पण त्यांनी चहाला हात लावला नाही.

मग माझा तारा लावला. प्रकाश मोजणारा काटा छान स्थिर होता. आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता.

साडेबाराला काटा शून्यावर आला...

ढग नाही, काही नाही. तीन मिनिटं शून्य. कोणीतरी दुर्बिणीच्या तोंडाशी येऊन उभं राहावं तसं. मग आपोआप पूर्ववत.

त्या वेळची पट्टी स्क्रीनवर उघडली. हेलियम होता, कार्बन होता. आणि मधोमध सोडियमच्या दोन जाड काळ्या रेघा. इतक्या तापलेल्या ताऱ्यात सोडियमच्या अशा रेघा दिसूच शकत नाहीत. वाटेतल्या वायूमुळे कधी बारीक रेघ येते, पण ती प्रत्येक पट्टीत येते. याच्या आधीच्या पट्टीत काही नव्हतं. पुढच्या पट्टीतही काही आलं नाही.

"खारट हात लावला असेल कोणी आरशाला," भाऊजी म्हणाले.

"तसं होत नसतं हो."

"माहितेय रे मला."



दोन वाजता कॅमेऱ्यात द्रव नायट्रोजन भरायची वेळ झाली. ते न भरून चालत नाही, कॅमेरा तापतो. भरताना दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला आणावी लागते, मग परत ताऱ्यावर न्यायची. भाऊजी कॅन घेऊन वर गेले. पश्चिमेकडून ढग सरकत होते. एक शेवटची पट्टी मिळाली तर माझी दीड वर्षं सार्थकी लागणार होती. मी घायकुतीला आलो होतो.

पंधरा मिनिटं झाली. बोट बटणावर ठेवून मी विचारलं, "भाऊजी, हलवू?"

"हलव."

लगेच. माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

"नायट्रोजन भरला का?"

"हलव."

तोच सूर. जरासाही फरक नाही. 

"भाऊजी, वर तुम्हीच आहात ना?"

थोडा वेळ नुसती खरखर...

मग अगदी लाडीगोडीने, "हलव ना रे..."

मी बोट उचललं आणि पळत सुटलो. तीन दारं, मग लोखंडी जिना. शेवटचं दार उघडलं आणि भाऊजींचा घोगरा ओरडा कानावर आदळला.

"थांब! हलवू नकोस! थांब!"

शिडीच्या पायरीवरून निसटून त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत गजांत अडकला होता. डोकं दुर्बिणीचा तोल राखणाऱ्या लोखंडी वजनाखाली, वीतभर अंतरावर. टॉर्च खाली पडला होता. इंटरकॉमचा रिसीव्हर समोरच्या भिंतीवर, हुकाला, जागच्या जागी. त्यांच्यापासून दहा पावलं लांब.

दहा मिनिटं ते ओरडत होते.

मी त्यांना ओढून काढलं. आम्ही जिन्यात बसलो.  मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"माझाच आवाज होता?"

"तुमचाच."

"घाबरलेला वाटला?"

मला खोटं बोलायला हवं होतं. सुचलं नाही.

"नाही. खुशीत होता."

ते बराच वेळ गुडघा चोळत राहिले. मग म्हणाले, "ताईला यातलं काही सांगू नकोस."

मी सांगितलेलं नाही. इंटरकॉम बदलला. मी ते काम सोडलं, आता शिकवतो. भाऊजींना मात्र निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत.

संध्याकाळी ताईचा फोन आला होता. आज दुर्बिणीवर कोणीतरी नवीन मुलगी आलीये कामाला, पहिलीच रात्र आहे तिची, म्हणून हे लवकर गेले, म्हणाली.

आत्ता दोन वाजून दहा मिनिटं झालीत. ते वर असतील, आणि ती खाली विचारत असेल.