एक टक म्हणजे रेस

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. आणि मामाला थापा मारता येत नाहीत. येत असत्या, तर त्याचं गॅरेज एव्हाना तीन मजली झालं असतं.

रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती, मंगळवारची. मंगळवारी गॅरेजची अख्खी गल्ली बंद असते. टायरवाला बंद, बॅटरीवाला बंद, काचवालाही बंद. एकटा मामा तेवढा उघडा, कारण घरी जाऊन करायचं काय?

मामी जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मामाला सगळे 'नाकवाला' म्हणतात. बॉनेटखालून जळका वास यायला लागला की लोक गाडी त्याच्याकडे आणतात. तो आधी नुसता वास घेतो. रबर जळल्यासारखा आला तर पट्टा. घशात खवखवलं तर वायर. कागद जळल्यासारखा आला तर क्लच. पाना हातात येतो तो नंतर.

त्या दिवशीची गाडी एका नर्सबाईंची होती.

"चढावर वास येतो, सपाटीवर गायब," त्या म्हणाल्या. "दोघांना दाखवली, त्यांना काही सापडेना. संध्याकाळी आईला घेऊन घाट चढायचाय. गाडी न्यायची की नाही, तेवढं सांगा."

त्या ड्यूटीवर गेल्या. मामाने गाडी चालू केली, उतरला आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं.

काही नाही.

वास होता... पण शिळा. जोराची रेस दिल्याशिवाय हे इंजिन तोंड उघडणार नव्हतं. आणि रेस द्यायची तर पाय पेडलवर हवा, नाक इंजिनवर. एकट्या माणसाचं हे काम नाही.

इतकी वर्षं पेडलचं काम मामी करायची. तिला गाडी चालवता येत नव्हती. पण मांडीवर विणकाम घेऊन ती स्टिअरिंगमागे बसायची, आणि मामा वाकल्या वाकल्या मडगार्डवर पान्याने खूण करायचा. एक टक म्हणजे रेस. दोन टक म्हणजे पाय काढ. इंजिनाच्या आवाजात हाका कुठल्या ऐकू येतात! मामी म्हणायची, "माझ्याशी बोललात त्याहून जास्त टकटकच केलीत तुम्ही."

मामा वाकलेला होता. डोक्यात नर्सबाईंचा घाट होता. हात सवयीने गेला.

टक.

आणि...

इंजिन चढलं.

मामा सांगतो, आधी त्याला काही वाटलंच नाही, इतकं ते नेहमीचं होतं. नाक कामाला लागलं. वास ताजा झाला, उग्र, तेलकट. इंजिनावरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यातून ऑइल झिरपत होतं आणि खालच्या तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर पडून जळत होतं. सापडलं!

मग त्याच्या लक्षात आलं, आत कोणीच नाही.

बॉनेट उभं होतं. त्यापलीकडची सीट दिसत नव्हती. जरा बाजूला झाला असता तर दिसली असती.

तो झाला नाही.

"घाबरलास?" मी विचारलं.

"घाबरलो तर. पाहिलं आणि कोणीच नसलं तर, म्हणून घाबरलो."

काम संपलं होतं. आता दोन टक द्यायचे. पण दोन टक दिले की ती पाय काढणार... आणि मग उठून जाणार. मामाचा हात हलेना.

तो बोलायला लागला. इतक्या महिन्यांचं साठलेलं. घराच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नाही. दूध रोज नासतं, तरी दोघांपुरतंच आणतो. रात्री कूस बदलली की अजून जागा सोडून झोपतो. इंजिन एवढं किंचाळत होतं की त्याचं बोलणं त्यालाही ऐकू येत नव्हतं.

धूर दाटला. पाईपवर ज्योत उठली.

तरी त्याने दोन टक दिले नाहीत.

आणि... इंजिन बंद झालं.

न सांगता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मामाने फडक्याने ज्योत दाबली. मग बाजूने गेला. सीट रिकामी होती. पण पुढे ओढलेली होती, मामीचे पाय पेडलला पुरायला लागायची तेवढी. तो स्वतः बसला होता तेव्हा सीट मागे होती. किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवलेली होती.

त्याने त्या कव्हरचं झिजलेलं पॅकिंग बदललं. नर्सबाई आईला घेऊन घाट सुखरूप चढल्या.

इथे हे संपायला हवं होतं.

पण मामा आता फक्त जळक्या वासाच्या गाड्या घेतो. त्याही मंगळवारी. शटर आतून खाली ओढतो. "अरे, धुराने गुदमरशील," हे मी त्याला शंभरदा सांगितलं. तो नुसता हसतो.

गेल्या मंगळवारी त्याने फोन उचलला नाही. मी धावतच गेले. शटर खाली... आत इंजिन चढलेलं. सगळा जोर लावून शटर वर ढकललं. धुराचा लोट अंगावर आला. मामा बॉनेटपाशी जमिनीवर बसला होता. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी.

इंजिन चालू होतं. मी शपथेवर सांगते, चालू होतं. मी आत पाय टाकला...

आणि ते बंद झालं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. चांगलाच रागावला होता.

"कशाला उघडलंस? माझं अर्धंच सांगून झालं होतं."

मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. ड्रायव्हरच्या सीटकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मामी त्याला वाचवतेय की बोलावतेय, हे मला अजून कळत नाही.

आज पुन्हा मंगळवार आहे. सकाळीच मामाचा फोन आला होता. आवाज खुशीत होता. एक गाडी आलीय म्हणाला, वास येतोय.

आणि म्हणाला, तू आज येऊ नकोस.