पहिल्या खांबाची जागा

सोमवारची सकाळ. अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या बसनं मूर्तिजापूरच्या अलीकडे जोरात ब्रेक मारला आणि गीतांजलीच्या मांडीवरची कागदाची लांब गुंडाळी शेजारच्या तरुणाच्या कानावर आदळली.

त्यानं कान चाचपून पाहिला. "जागेवर हाये," तो गंभीरपणे म्हणाला.

गीतांजली ओशाळली, मग हसली. गुंडाळीत काय आहे, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, घर अकोल्यात असलं तरी ती अमरावतीत प्रदर्शनाचे फलक तयार करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लिखाणाचं काम करते. नागपूरच्या एका चौकात खांबांवर उभं असलेलं मेट्रोचं स्टेशन आहे. त्याच्या वाढदिवसाचा कार्यक्रम जवळ आला होता, आणि त्यात लावायच्या एका मोठ्या फलकावर तिला स्टेशनाचा इतिहास मांडायचा होता.

"एवढ्याशा स्टेशनाले इतिहास?"

"लहान पोराले जन्मतारीख नसते का?"

 त्यानं गुंडाळीतला स्टेशनाचा नकाशा उलगडायला सांगितला आणि एका खांबावर बोट ठेवलं. "हा पह्यला. हा मी आखला."

त्याचं नाव ललित. घर तेल्हाऱ्याला, आईवडील झेंडूची शेती करणारे. ते स्टेशन बांधताना तो तिथं मोजणीच्या कामावर होता. आता अमरावतीत रस्त्याचं काम करत होता, आणि तिच्यासारखाच शनिवारी घरी जायचा, सोमवारी परतायचा.

मग काय, इतिहास गोळा करायला अमरावतीतली चहाची टपरीच बरी पडू लागली. ललित सांगायचा, ती लिहायची. चौकात आधी भाजीबाजार कसा भरायचा. मग कामाभोवती दोन वर्षं पत्रे कसे लागले. दोन खांबांना जोडणारा पहिला आडवा गर्डर बसवला तेव्हा समोरच्या गच्च्यांवर माणसं कशी जमली. तो बोलताना हातानं हवेत खांब उभे करायचा, आणि ती लिहायचं सोडून त्या हातांकडेच पाहत राहायची... मग पुन्हा विचारायची, "काय म्हणला?"

एकदा पाऊस टपरीच्या पत्र्यावर बडवत होता. दोघांना एकाच बाकावर सरकून बसावं लागलं होतं. तेव्हा ललित हळू आवाजात म्हणाला, "एक गोष्ट कोणाले सांगतली नाही."

मोजणीवाले रस्त्याच्या कडेला एक खिळा ठोकतात. सगळी मापं त्या एका खिळ्यावरून घेतली जातात. मधे रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि ललितचा खिळा त्याखाली गेला. जवळच कुणीतरी केबलच्या कामासाठी दुसरा खिळा ठोकलेला होता. ललितनं तोच आपला समजून माप धरलं. पहिल्या खांबाचा खड्डा दीड फूट बाजूला खणला गेला. दुसऱ्या खांबाची जागा डांबर पडण्याआधीच आखलेली होती; दुसऱ्या दिवशी तिच्याशी अंतर जुळेना, तेव्हा त्याला चूक कळली. तो स्वतः साहेबांकडे गेला. खड्डा बुजवला, तीन दिवस वाया गेले. काँक्रीट ओतलं असतं तर...

गीतांजलीला ती गोष्ट फार आवडली. चूक करणारा माणूस स्वतःच सांगायला गेला, हेच तिला आवडलं. तिनं ती नावासकट फलकात लिहिली आणि मजकूर अकोल्याच्या छापखान्यात पाठवून दिला. त्याला विचारावं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी बसमध्ये ललित खुशीत होता. सोमवारी सकाळी अकोल्यात एका मोठ्या कंपनीची मुलाखत होती. तसल्याच खांबांवरच्या स्टेशनांचं काम, गुजरातेत. "त्यायचे साहेब नागपूरच्या कार्यक्रमालेबी येऊन राह्यले," तो म्हणाला. "तुहा फलक पाहतीन."

त्याच फलकावर त्याची चूक त्याच्या नावासकट छापली जाणार होती. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. 

रविवारी छापखाना बंद. मालक ओमप्रकाश फोन उचलेना. आईनं वाढलेलं ताट तसंच राहिलं. त्याची नवी नोकरी हातची जाईल ते जाईलच, पण विश्वासानं सांगितलेली गोष्ट तिनं भिंतीवर टांगली होती. तो आता तिच्याकडे कसा पाहील? पाहील तरी का?

सोमवारी ऑफिसला फोनवर सुट्टी सांगून ती छापखान्यात पोचली, तेव्हा फलक भिंतीला लावून ठेवलेला होता. आणि त्याच्यासमोर, इस्त्रीच्या शर्टात, ललित उभा राहून वाचत होता.

"मुलाखत लवकर झाली," तो न वळता म्हणाला. "म्हटलं, तू सांगतलेल्या छापखान्यात तुहा फलक पाहून घ्यावा."

"मी पुसते," ती घाईनं म्हणाली. "यावर कोरा कागद चिकटवते... ललित, मी तुले विचारायले पाहिजे होतं."

"पाहिजे होतं." त्याचा आवाज कोरडा होता. ओमप्रकाश उगाच आतल्या खोलीत गेला. "त्यायनं मले विचारलं, कामात मोठी चूक कोणती केली? मी हेच सांगतलं. आठ दिवसांत कळवतो म्हणे."

"मग... रागावला नाही?"

"रागावलो ना. साहेबाले सांगाले मले रात्रभर हिंमत गोळा करा लागली होती. तुले सांगाले त्याहून जास्त लागली. अन् तू सगळ्या नागपूरले सांगून राह्यली."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.  

ललितनं फलकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. "राहू दे. खरंच हाये ते. पण यापुढं माह्याबद्दल काही लिहायचं तर आधी मले विचार."

यापुढं... तो शब्द तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला. मग धीर करून म्हणाली, "आता विचारते. माह्या घरी जेवायले येतं का? इथून जवळच हाये."

आता घाबरायची पाळी त्याची होती. त्यानं शर्ट ओढून नीट केला. "तुह्या बाबाले काय सांगू, कोण म्हणून आलो?"

"आधी जयभीम म्हण. मग जे खरं हाये ते सांग."

"मंग ते पह्यले तुलेच सांगा लागीन." तो तिच्याकडे वळला. "मले तू पाह्यजे, गीतांजली. कंपनीनं घेतलं तरी, नाही घेतलं तरी."

 गीतांजलीनं ओढणीनं डोळे पुसले आणि दाराकडे वळली.

"चल मग," ती म्हणाली. "आईनं वांग्याची भाजी केली. अन् मी कालपासून उपाशी हाये."