दारं उघडी ठेव

"खोटं वाटलं तर तिखोनला जाऊन विचारा," चुलीत लाकूड सारत सावेलीकाका म्हणाले. "त्या रात्री रोदिओनला त्यानंच अडवलं होतं."

"काका, तीच ना ती भंगारातली लिमोझिन?" ग्लेब हसला.

"तीच. आता गप बस."

आणि काकांनी सुरुवात केली.

सोव्हिएत काळात बडे साहेब फिरायचे तसली ती चिलखती गाडी. अंगभर पोलाद, काचा चार-चार बोटं जाड. रोदिओननं ती भंगारातून उचलली आणि वर्षानुवर्षं तिच्याखाली आडवा पडला. बायको म्हणायची, "यापेक्षा गाय बाळगली असती. दूध तरी दिलं असतं मेलीनं."

गेल्या मार्चमधला शेवटचा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी द्विना नदीच्या पलीकडे उल्यानाचं, त्याच्या मुलीचं लग्न. नवरी याच गाडीतून उतरणार, असं हा गावभर सांगून बसलेला. आणि गाडी? आधी बॅटरी रुसली, मग पंप. निघेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले.

"बाबा, ठेव ती घरीच," उल्याना फोनवर वैतागली. "तू आलास तरी पुष्कळ झालं."

"गाडी घेऊनच येतो!"

पूल खूप दूर, आणि गोठलेल्या नदीवरची बर्फाची वाट सकाळपासून बंद होणार. काठावर राखणदार तिखोन आडवा आला.

"हे धूड घेऊन? अरे, वेड लागलंय का?"

"पोरीचं लग्न आहे, तिखोन."

"मग चारही दारं उघडी ठेव. बर्फ फुटला तर सरळ उडी मार. आणि मधे कुठे थांबू नकोस!"

दारं उघडी टाकून रोदिओन निघाला. मागच्या सीटवर कुणीही नव्हतं. थोडं अंतर गेला असेल, मागचं उजवं दार धप्पकन लागलं.

"हात्तिच्या! बिजागऱ्या मी स्वतः बसवल्यात!"

मग मागचं डावं. त्यानं शिवी हासडली.

मग शेजारचं, पुढचं. वारा नव्हता.

नदीच्या मधोमध त्याचं स्वतःचं दार लागलं. त्यानं खांदा लावला. हलेना. लाथ घातली. हलेना. इंजिन बंद पडलं. चावी फिरवली. काही नाही.

खाली बर्फ करकरला.

"अगं, आज तरी… आजचा दिवस तरी…" त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली.

पुन्हा करकर. जवळ.

मग त्याला ऐकू आलं. मागून.

कडकड… कडकड…

दात वाजत होते. कुणाचे तरी.

"साहेब…" रोदिओन पुटपुटला. त्याच्या मते त्या सीटवर साहेबच बसणार. "दार सोडा. बुडेन मी. पोर वाट बघतेय…"

नुसते दात.

त्यानं अंगातला मेंढीच्या कातड्याचा कोट काढला. मागे वळला नाही. तसाच खांद्यावरून मागे टाकला.

दात थांबले.

त्याचं दार हळूच उघडलं… चावी फिरवताच इंजिन सुरू झालं…

काठ चढून गाडी थांबवली. मग थंडी झोंबली, तेव्हा कोट घ्यायला टॉर्च घेऊन मागे गेला.

"साहेब होते?" ग्लेबनं हळूच विचारलं.

"कुणी नव्हतं. कोट होता सीटवर. पण काचेवर आतून हिमाचा जाड थर साचलेला. आणि त्यात एक भोक. बसमध्ये बाहेर बघायला आपण फुंकर मारून करतो ना, तसं. गोल."

काकांनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"सीटवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपाशी नव्हतं रे ते. खाली होतं… खूप खाली. दोन-तीन वर्षांचं लेकरू उभं राहिलं तर पोचेल… तेवढं."