या, आधी तुम्ही

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलंय. मोजता न येणाऱ्या गोष्टींवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. तरी हे लिहितेय, कारण हे माझ्यासमोर घडलं. आणि अजून संपलेलं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. ताई आणि भाऊजींच्या लग्नाचा वाढदिवस होता. डोंगरावरच्या एका मोठ्या हॉटेलात जेवायचं, तिथेच मुक्काम करायचा, असा बेत. मला त्यांनी ओढूनच नेलं होतं. शनिवार होता. सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता.

गाडी भाऊजी चालवत होते. तरुणपणी त्यांनी मालट्रक चालवलेत. घाटातला त्यांचा नियम पक्का. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा. समोरून उत्तर आलं, तर गाडी कडेला घ्यायची, हात दाखवायचा आणि म्हणायचं, "या, आधी तुम्ही."

"त्यांना ऐकू जातं का?" ताईने चिडवलं.

"मला जातं ना!"

शेवटच्या वळणावर भाऊजींनी हॉर्न दिला.

उत्तर आलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. हात बाहेर काढला. "या, आधी तुम्ही."

आम्ही थांबलो...

कोणीच आलं नाही.

"प्रतिध्वनी असेल," मी म्हणाले.

"शास्त्रज्ञबाई, मी एकदाच वाजवला. उत्तर दोनदा आलं."

वळण घेतलं. पुढचा रस्ता पार वरपर्यंत दिसत होता. रिकामा. कुठे फाटाही नाही.

आणि गाडी वाजायला लागली... टिंग. टिंग. टिंग.

मागच्या सीटवरच्या माणसाने बेल्ट लावला नाही, की ती वाजते. माझा बेल्ट लावलेला होता.

डॅशबोर्डवर दिवा माझ्या शेजारच्या सीटचा लागला होता. त्या सीटवर काहीच नव्हतं. मी हात फिरवून पाहिला.

गादी दबलेली होती.

हॉटेलात वेटरने चार खुर्च्या ओढल्या.

"आम्ही तिघंच आहोत," ताई म्हणाली.

"सॉरी मॅडम. गाडीतून चौघं उतरल्यासारखं वाटलं."

भाऊजी रंगात होते. "एवढ्या मोठ्या प्लेटमध्ये एवढासा घास! शोधायला टॉर्च आणा हो!" सगळे हसले.

मग त्यांनी सूप चाखलं.

"मीठ विसरलेत."

मी चाखलं. मीठ होतं.

मासा आला. त्यालाही चव नाही म्हणाले. शेवटी शेफ स्वतः बाहेर आला, त्याने लिंबाची फोड दिली. भाऊजींनी ती सालासकट चावली...

त्यांचा डोळासुद्धा बारीक झाला नाही.

त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही.

सकाळी उतरताना त्याच वळणावर त्यांनी हॉर्न दिला आणि गाडी थांबवली.

"चला की," ताई म्हणाली.

"उत्तर कुठे आलं?"

"अहो, समोर कोणी नसेल!"

"बाहेरून कसं येईल?" भाऊजी शांतपणे म्हणाले. "तो आत बसलाय."

टिंग. टिंग. टिंग.

पुढे गाडी ताईने चालवली.

घरी आल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या. नाक, जीभ, मेंदू. रिपोर्ट स्वच्छ. सीटचा सेन्सर मी स्वतः तपासून घेतला. तोही ठीक. ताईने गाडी विकून टाकली. काही फरक पडला नाही. ट्रकचं टायर एकट्याने उचलणारा माणूस आता उशीला टेकूनही बसू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, खायला घाला.

ताई चमच्याने भरवते. चमचा ओठांशी गेला, की भाऊजी मान वळवतात. पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतात. आणि हात किंचित उचलून म्हणतात...

"या, आधी तुम्ही."

सुरुवातीला ताई रडायची. ओरडायची. मागच्या आठवड्यात मी गेले, तर ती गुपचूप चमचा हातात धरून बसली होती. खुर्चीकडे बघत.

"कशाला थांबतेस गं?" मी विचारलं.

"त्याचं झालं, की हे दोन घास खातात."

काल तिचा फोन आला.

आता त्याचं होतच नाही, म्हणाली.