सोनेरी पानांची फुलदाणी

तुम्ही हसाल, हसा. पण हे खरोखर घडलंय. रायपूरला, शंकर नगरात, आमच्या पद्मजाच्या घरी. मागच्या दिवाळीच्या आधी, तेही भर दुपारी. भुतं रात्रीच येतात असं वाटणाऱ्यांनी हे मुद्दाम ऐकावं.

पद्मजा लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची शीरही तिला पहिल्या टोचणीत सापडायची. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "पद्मजा दीदी को बुलाओ." आपल्या हातांचा तिला तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

तिचा नवरा लोकेश. त्याच्या साहेबांनी बदलीवर जाताना एक जुनी फ्रेंच फुलदाणी भेट दिली. निळीशार चिनी माती, आणि गळ्याभोवती सोनेरी धातूची नक्षीदार पानं.

पद्मजाला वाटलं, पितळ आहे. दिवाळीच्या साफसफाईत चिंच-मीठ लावून तिनं ती पानं अशी घासली, की सोनेरी रंग पाण्याबरोबर मोरीत वाहून गेला.

खाली उरला नुसता तपकिरी धातू.

"काहून घासलं वं?" लोकेशनं कपाळाला हात लावला. "सोन्याचा मुलामा होता तो!"

"मले काय माहीत? पितळच दिसून राहिलं होतं!"

दुसऱ्या दुपारी ती घरी एकटीच होती.

बैठकीतून आवाज आला…

खस… खस… खस…

कुणीतरी बारीक तारांच्या ब्रशनं काहीतरी घासत होतं.

ती धावत गेली. कुणीच नव्हतं.

पण फुलदाणीचं एक पान… पुन्हा सोनेरी झालं होतं.

हात लावला. पान गरम होतं.

त्या संध्याकाळी वॉर्डात तिची सुई पहिल्यांदाच चुकली. बोटं थरथरत होती.

मग रोज तेच. दुपारी खस… खस… एक पान सोनेरी, आणि थरथर आणखी थोडी जास्त. तपासण्या झाल्या, रिपोर्ट सगळे चांगले आले. शेवटी वॉर्डातल्या मुख्य नर्सताईंनी तिच्या हातातल्या सुया काढून घेतल्या. त्या दिवशी घरी येऊन ती ढसाढसा रडली.

लोकेशनं साहेबांना फोन लावला. ते सहज बोलून गेले, "पहले सोना पारे में मिलाकर चढ़ाते थे, फिर आग पर तपाते थे. पारे का धुआँ कारीगर के अंदर जाता था. बेचारों के हाथ काँपते थे, मरते दम तक."

लोकेशनं फोन ठेवला. "फोडूनच टाकतो मी तिले."

"थांब. माह्ये हात गेले, मीच फोडते."

एकच पान तपकिरी उरलं होतं. तिनं फुलदाणी अंगणात नेली. डोक्यावर उचलून धरली…

आणि तशीच उभी राहिली.

हात थरथरत नव्हते.

खाली ठेवली. थरथर सुरू. उचलली. थरथर बंद.

"फोड ना!" लोकेश ओरडला.

तिला फोडवेना. इतक्या दिवसांनी तिचे हात तिला परत मिळाले होते.

आता रोज दुपारी ती फुलदाणी मांडीवर घेऊन बसते. परवा आम्ही भेटायला गेलो. पद्मजा हसून बोलत होती, वॉर्डातल्या पोरांच्या गमती सांगत होती. आणि खालून आवाज येत होता…

खस… खस…

तिची नखं त्या शेवटच्या पानावर चालली होती.

"पद्मजा, हे काय करून राहिली?" लोकेशनं विचारलं.

तिनं खाली पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नाही करून राहिले," ती म्हणाली.

हात मात्र थांबले नाहीत.